मातृभाषेचा रकाना

नव्वदी ओलांडलेले माणूस गेले की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वय किती होतं?’ आकडा ऐकला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो. ‘मग सोनं झालं म्हणायचं!’ ‘पिकलं पान, कधीतरी गळायचंच.’ ‘नातवंडं, पतवंडं बघितली, आणखी काय पाहिजे माणसाला?’ आमच्या कानडी पाहुण्यांचे शब्द वेगळे, पण सूर तोच. सगळे खरे असते आणि बोलणाऱ्यांच्या मनात मायाच असते. तरी वाचकहो, या बोलण्यात एक हिशेब असतो. आयुष्य जितके मोठे, तितके मागे राहिलेल्यांचे दुःख लहान, असा तो हिशेब. माझी आई २०२२ च्या आषाढात गेली तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती. तेव्हापासून मी हा हिशेब मांडून बघतो आहे. तो जुळत नाही.

मराठी माणसाच्या मनातली आई बहुधा ‘श्यामची आई’ असते. साने गुरुजींचे पुस्तक १९३५ साली आले, आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ साली. ती आई मुलगा अजून शिकत असतानाच जाते आणि म्हणून कायमची तरुण राहते. चौऱ्याण्णव वर्षे जगणाऱ्या आईचे तसे नसते. तिचे दात आपल्यादेखत पडतात, तिला ऐकू येईनासे होते, ती सुनेवर रुसते, औषधाची गोळी पदरात लपवते. आणि आपण स्वतः सत्तरीचे झालो तरी बाहेर निघताना ‘मफलर घेतलास का?’ म्हणून विचारते. अशा आईबद्दल फारसे लिहिलेले आढळत नाही. म्हणून आजचे सदर तिच्यासाठी.

आईची जन्मतारीख कुठे लिहिलेली नव्हती. माहेर बैलहोंगलचे. तिच्या थोरल्या भावाचा जन्म गांधीजी बेळगावला आले त्या सालचा. म्हणजे डिसेंबर १९२४ चे काँग्रेसचे अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आजही त्याची साक्ष देते. भाऊ चार वर्षांनी मोठा, म्हणून आई १९२८ ची. शिक्षण कानडी चौथी. बैलहोंगल म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्माची समाधी असलेले गाव. १८२९ साली तिथल्याच किल्ल्यात ती इंग्रजांच्या कैदेत वारली. आई लहानपणी त्या समाधीच्या आसपास खेळलेली. त्यामुळे शेजारच्या घरातल्या कर्त्या बाईबद्दल बोलावे तशी ती चन्नम्माबद्दल बोलायची.

१९४५ साली, सतराव्या वर्षी, लग्न होऊन ती शहापुरात आली. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. जात एक, कुलदैवत सौंदत्तीची यल्लम्मा, तीही एक, भाषा मात्र दोन. तिच्या माहेरी कुणाला मराठी येत नव्हती आणि सासरी कानडी होती ती बाजारापुरती. आपल्या भागात अशा सोयरिकी तेव्हा सर्रास होत. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि आमचे घर मुंबई प्रांतात गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात आले. १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचे कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे बेळगावी. बाई तीच, घर तेच, उंबराही तोच. पत्ते मात्र पाच झाले. बैलहोंगलहून मामाचे पत्र यायचे, त्यावर कधी जुना पत्ता असायचा, कधी नवा. वडील चिडायचे. आई म्हणायची, ‘पोस्टमनला घर म्हाईत हाय न्हवं? मग झालं.’

मराठी ती सासूकडून आणि जावांकडून शिकली. दोन वर्षांत बोलायला लागली. पुढे वर्तमानपत्राचे मथळे बोटाने लावत लावत बाळबोध वाचायलाही शिकली. पण एक गोष्ट तिला शेवटपर्यंत जमली नाही. मराठीत भिंत ती, दिवा तो आणि दार ते. हे कोण ठरवते आणि कशावरून, ते तिला कधी पटलेच नाही. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या ‘अदु’. त्यामुळे आईच्या मराठीत ते भिंत, ते दिवा, ते चटणी! आम्ही भावंडे हसायचो, वडील सुधारायला जायचे. ती म्हणायची, ‘चटणीला काय कुंकू लावायचंय, तो का ती विचारायला?’

उलट कित्येक शब्द तिला नव्याने शिकावेच लागले नाहीत. माहेरचे तुप्प इथे तूप होते, अज्जी इथे आजी होती, अक्का आणि अण्णा तर जसेच्या तसे. पुरणपोळी तिकडे होळिगे, पण डाळीवरचा कट दोन्हीकडे कटच; इकडे कटाची आमटी, तिकडे कट्टिन सारु. दसऱ्याला माहेरी बन्नीची पाने देऊन बंगारासारखे राहू या म्हणायचे, सासरी आपट्याची पाने देऊन सोने. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सासूने सांगितले तेव्हा तिने लगेच ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणून जोड दिली. एकच शब्द तिला अडला. कानडीत तायी म्हणजे आई आणि मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. सासरी पहिल्याच दिवशी धाकट्या दिराने थोरल्या नणंदेला ‘ताई’ म्हणून हाक मारली, तेव्हा या घरात सासवा दोन आहेत की काय, अशी तिला धडकी भरली म्हणे!

आम्ही तीन भावंडे. मी थोरला, १९५० चा. शाळेत नाव घालताना अर्जावर एक रकाना असायचा, मातृभाषा. वडिलांनी तिन्ही वेळा तिथे ‘मराठी’ लिहिले. घरात मराठी बोलली जात होती, शाळा मराठी होती, आणि दिवसच असे होते की त्या रकान्यातला एक शब्द म्हणजे एक बाजू घेणे होते. पण मोठेपणी मला त्या रकान्याचे हसू येऊ लागले. मातृभाषा म्हणजे मातेची भाषा. माझ्या मातेची भाषा कानडी. अर्जावर लिहिली गेली ती माझ्या वडिलांची! आईला मी हे एकदा बोलून दाखवले. ती म्हणाली, ‘तुला निजवलं कानडीत, मारलं मराठीत. आता कुठली धरायची ते तूच बघ.’

धारवाडच्या एका घरात हाच रकाना उलटा भरला गेला होता. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कानडीतले थोर कवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकुतंति’ या संग्रहाला मिळाला. आणि त्यांनी कविता कुठल्या नावाने लिहिल्या? अंबिकातनयदत्त. म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. कविता कानडी, सहीत मात्र आईचे नाव आधी. आपल्याकडच्या माणसाला यातली गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ मला अंधुक आठवतो. मी सहा वर्षांचा होतो. वडील एकीकरणाच्या चळवळीतले साधे कार्यकर्ते. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, असे त्यांनी सांगून ठेवले होते. बैलहोंगलला मामाच्या घरी त्याच दिवशी गोडधोड होते, कानडी मुलूख एक झाला म्हणून. नवरा उपाशी आणि पाठचा भाऊ पेढे वाटतो आहे, अशी ती सकाळ. आईने शेजारणीच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या आणि आम्हा मुलांना तिथेच जेवू घातले. ‘चूल पेटवू नको म्हणालात, नाही पेटवली,’ असे वडिलांना सांगितले. स्वतः मात्र त्यांच्याबरोबर रात्रीपर्यंत अन्नाला शिवली नाही. महिनाभराने मामा गोकाकचा करदंट घेऊन आला. तो तिने सगळ्यांना सारखा वाटला. वडिलांच्या ताटलीतही एक तुकडा ठेवला आणि ते खाईपर्यंत समोरून हलली नाही.

पुढे १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तेव्हा वडील आणि मामा आमच्या सोप्यात बसून एकमेकांवर आवाज चढवू लागले. दोघेही आतून भले, पण त्या दिवशी कुणी मागे हटेना. आई आतून आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु.’ बोललेला शब्द गेला तो गेलाच आणि फुटलेला मोतीही गेलाच. म्हण कानडी होती, पण वडिलांना तिचा अर्थ विचारावा लागला नाही. दोघे गप्प झाले. त्या दिवसानंतर आमच्या घरात सीमाप्रश्नावर पुष्कळ बोलणे झाले, पण मामा जेवल्याशिवाय कधी गेला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तोवर वडीलही नव्हते आणि मामाही नव्हता. आई एकटीच दोन्ही बाजूंची म्हणून उरली होती.

वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. दिवाळीला आईसाठी इरकल आणि गुळेदगुड्डचा खण हे ठरलेले. तिने आयुष्यभर इरकलच नेसली. नात कॉलेजात गेली तेव्हा आजीने तिला इरकलची खूण समजावून सांगितलेली मी ऐकली आहे. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा निराळा आणि पदराचा निराळा. अंग सुती, पदर तांबड्या रेशमाचा. दोन्ही ताण्यांचे धागे एकेक करून एकमेकांत फासासारखे अडकवतात आणि मग पुढे विणतात. त्या जोडाला कोंडी म्हणतात. मराठीत कोंडी म्हणजे अडकून पडणे. मागावर मात्र कोंडी म्हणजे दोन वेगळ्या जातीचे सूत एक करणे. आई गेल्यावर तिच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायला काढली, तेव्हा कित्येकींचे अंग विरून गेलेले होते. कोंडी एकीचीही सुटली नव्हती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आई ब्याण्णव वर्षांची होती, पण डोक्याने लख्ख. लहानपणी प्लेगच्या साथीत गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिलेले तिला आठवत होते. उंदीर पडले की घर सोडायचे, हे तिला माहीत. त्यामुळे दूरदर्शनवर ‘घरातच राहा’ ऐकून ती म्हणाली, ‘तवा आम्ही घर टाकून भाईर पळालो. आता भाईरचं टाकून घरात बसायचं व्हय? काय रोग म्हणायचा हे!’

त्याच वर्षाच्या अखेरीपासून तिची आठवण सैल होऊ लागली. आधी कालचे विसरली, मग परवाचे. आणि मग हळूहळू मराठी निसटू लागली. दोन भाषा बोलणाऱ्या वृद्धांमध्ये पुष्कळदा असे होते की मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणीची मागे राहते. शहात्तर वर्षे बोललेली मराठी आईच्या तोंडून सहा-आठ महिन्यांत ओसरली. खाली राहिली ती १९४५ च्या आधीची बैलहोंगलची कानडी, तिथल्या हेलासकट.

तिच्या सेवेला एक बाई ठेवली होती, खानापूरकडची, फार प्रेमळ. तिला कानडी येत नव्हती. एके दिवशी ती काळजीने मला म्हणाली, ‘काका, आजींना चळ लागलाय. सकाळपासून चळी चळी असंच चाललंय.’ मी जाऊन बघितले. पंख्याखाली आई अंग चोरून बसली होती. कानडीत चळि म्हणजे थंडी. तिला थंडी वाजत होती, इतकेच! शाल घातल्यावर ती शांत झोपली. पण त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत एखाद्याची भाषाच कुणाला कळेनाशी झाली, तर त्याच्या साध्या गरजेलाही वेड म्हटले जाऊ शकते.

माझी पत्नी कोल्हापूरची. ती सत्तरीला टेकलेली. तिने त्या वयात कानडीचे पन्नासेक शब्द भिंतीवर कागद लावून पाठ केले. भूक, तहान, दुखणे, थंडी, उजेड. आणि खरी मदत झाली ती माझ्या नातीची. ती तेव्हा चौथीत होती, शाळेत कानडी शिकत होती. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन पणजीजवळ बसायची आणि धडा मोठ्याने वाचायची. आई डोळे मिटून ऐकायची आणि उच्चार चुकला की बरोबर तिथेच हाताने थांबवायची. दोघींची इयत्ता एकच, चौथी. मला आई तेव्हा मुलगा म्हणून ओळखत नव्हती. मला ‘अण्णा’ म्हणायची, आपला बैलहोंगलचा थोरला भाऊ समजून. मी तसाच उत्तर द्यायचो. मात्र रात्री माझे ताट झाले की तिचा प्रश्न न चुकता यायचा, ‘ऊटा आतेनप्पा?’ जेवलास का रे? नाते विसरली, पण हे विसरली नाही.

आता पहिल्या हिशेबाकडे येतो. ती गेली तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. या वयात ‘मी पोरका झालो’ म्हणायला माणसाला संकोच वाटतो. ऐकणारा हसेल असे वाटते. पण लहानपणी आई गेलेल्याला दहा-वीस वर्षांची सवय मोडावी लागते, माझी बहात्तर वर्षांची मोडली आहे. जुन्या झाडाची मुळे खोल असतात, ते उपटले की खड्डाही मोठा पडतो. हा साधा व्यवहार आहे. शिवाय तिच्याबरोबर घरातली एक भाषा गेली. कानडी मी आजही रोज बोलतो, बाजारात, बँकेत, पाहुण्यांशी. पण ‘ऊटा आतेनप्पा’ म्हणून विचारणारी त्या हेलाची कानडी आता घरात कुणी बोलत नाही. ‘उप्पिगिंत रुचि इल्ला, तायिगिंत बंधु इल्ला’ अशी म्हण आहे. मिठाहून वेगळी चव नाही, आईहून जवळचे कुणी नाही. मीठ ताटात असेपर्यंत दिसत नाही, हेही त्यात आलेच.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात अशी कुणी आजी किंवा अज्जी असेल, तर तिच्या बोलण्यातले लिंग-वचन सुधारू नका. तिला तिच्या माहेरच्या भाषेत रोज दहा मिनिटे बोलू द्या, आणि एखाद्या पोराला शेजारी बसवा. पुढे तिला थंडी वाजेल तेव्हा घरात कुणाला तरी ते कळले पाहिजे. आणि नव्वदीतल्या माणसाच्या मुलांना भेटायला गेलात, तर वय नंतर विचारा. आधी ‘कशा होत्या?’ म्हणून विचारा. सांगायला त्यांच्याकडे पुष्कळ असते.

परवा नातीच्या नव्या शाळेचा अर्ज आला. त्यात तो रकाना होताच. मुलाने विचारले, ‘बाबा, इथे काय लिहू?’ मी म्हटले, ‘तुझ्या बायकोला विचार. भाषा आईची असते.’

आपल्या दोन्ही भाषांत घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. मराठीत ‘येतो’ म्हणतात आणि कानडीत ‘होगि बर्तीनि’, जाऊन येतो. शेवटच्या आठवड्यात आई रोज संध्याकाळी पदर सावरून बसायची आणि म्हणायची, ‘अण्णा, बैलहोंगलक्क होगि बर्तीनि.’ आम्ही कधी गाडी नाही म्हणायचो, कधी पाऊस आहे म्हणायचो. शेवटच्या दिवशी तिने तेच म्हटले, अगदी हळू. बाहेर खरोखरच पाऊस होता. मी या वेळी कुठलेही कारण सांगितले नाही. तिचा हात हातात घेऊन म्हटले, ‘होगि बा, अव्वा.’ जाऊन ये.